घरचं खोंड आणि ३० जून

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या ऑफिसात दोन प्रकारचे क्लायंट येतात. एकाला नफा कमी दाखवायचा असतो, कर वाचवायला. दुसऱ्याला जास्त दाखवायचा असतो, बँकेची लिमिट वाढवून घ्यायला. दुसऱ्या प्रकारातल्या एका व्यापाऱ्याने मागे ३१ मार्चला मेहुण्याला चाळीस लाखांचा माल विकला, आणि मेहुण्याने त्याला तेवढ्याचाच. बिलं चोख, जीएसटी भरलेला. ट्रक मात्र जागचा हलला नव्हता. मी सही केली नाही. तो गृहस्थ आजही मला पाहून रस्ता बदलतो.

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये, प्रीमियर लीगमध्ये, हा ३१ मार्च ३० जूनला येतो. बहुतेक क्लबांचं हिशेबी वर्ष त्या दिवशी संपतं. गेली काही वर्षं हंगामातल्या अंतिम सामन्यांपेक्षा या तारखेची मला जास्त उत्सुकता असते. धंदाच तसा आहे आमचा. मी कोल्हापूरच्या पेठेतला, तालमीच्या संघाची मॅच असली की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून घसा फोडणारा. पण परदेशी क्लबांचे ताळेबंद वाचण्याचा नाद मला सीए झाल्यावर लागला.

२०२४ चा ३० जून रविवारी आला. आदल्या रात्री भारताने टी-२० विश्वचषक जिंकलेला, पेठेत पहाटेपर्यंत फटाके. डोळ्यांवर झोप होती आणि दुपारी भाच्याचा फोन आला. तो न्यूकॅसलला शिकत होता आणि तिथल्यांपेक्षा कट्टर न्यूकॅसलवाला झाला होता.

"मामा, अँडरसनला विकला. आपल्या घरच्या पोराला!"

इलियट अँडरसन शेजारच्या व्हिटली बेचा. आठव्या वर्षापासून क्लबच्या अकादमीत. त्याचे आजोबाही न्यूकॅसलकडून खेळलेले. वय एकवीस. त्याला सुमारे ३.५ कोटी पौंडांना नॉटिंगहॅम फॉरेस्टला दिलं. भाच्याचा प्रश्न रास्त होता: क्लबचा मुख्य मालक सौदी अरेबियाचा सरकारी निधी, मग पोरगा विकायची वेळ का यावी?

कारण मालकाची श्रीमंती तिथे चालत नाही. लीगचा नियम असा की तीन वर्षांत मिळून १०.५ कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा दाखवायचा नाही, मालक कितीही भरून द्यायला तयार असो. मोडलात तर गुण कापले जातात. एव्हर्टनचे २०२३ च्या नोव्हेंबरात १० गुण गेले. अपिलात त्याचे ६ झाले आणि एप्रिलमध्ये आणखी २ गेले. त्यामुळे जून संपायच्या आत नफा उभा करायचा असतो, आणि नफा कोणाला विकून उभा राहतो हे खतावणीत बघावं लागतं.

समजा, बाहेरून ५ कोटींना खेळाडू घेतला, करार पाच वर्षांचा. दरवर्षी १ कोटी घसारा पडतो. तीन वर्षांनी वहीत त्याची किंमत २ कोटी. तेव्हा तो ५ कोटींनाच विकला तर नफा ३ कोटी. आता अकादमीतला पोरगा घ्या. त्याची खरेदीच नाही, म्हणून वहीत किंमत शून्य. आमच्या एएस २६ या लेखा मानकातही हीच समज आहे: विकत घेतलेली अमूर्त मालमत्ता ताळेबंदात दाखवता येते, घरात घडवलेलं कसब किंवा नाव दाखवता येत नाही. त्यामुळे अँडरसनचे ३.५ कोटी आले ते सगळेच्या सगळे नफा, तेही त्याच वर्षात. घेणाऱ्या फॉरेस्टने तोच आकडा पाच वर्षांत वाटला तर वर्षाला ७० लाखच पडतात. देणारा खूश, घेणाराही खूश.

मग साटंलोटंही आलंच. त्याच जूनमध्ये ॲस्टन व्हिलाचा टिम इरोएगबुनाम एव्हर्टनला गेला आणि एव्हर्टनच्या अकादमीतला लुईस डॉबिन व्हिलात आला. किमती जवळपास सारख्या, दोन्ही क्लबांच्या वहीत नफा. बेकायदा काही नाही. माझ्या व्यापाऱ्याचा ट्रक हलला नव्हता, ही पोरं निदान खरोखर गाव सोडून गेली.

माझ्या आजोळी बाजारातून घेतलेला बैल आणि घरच्या गाईचं खोंड शेजारी शेजारी बांधलेले असायचे. घरात लग्न निघालं की आजोबा आधी खोंड बाजारात न्यायचे. बैल विकला तर घातलेले पैसे वजा करावे लागतात, खोंडाचं मात्र "सगळंच सुटतंय" असं त्यांचं गणित. आजी चुलीपुढून म्हणायची, "आणि वैरण काय आभाळातनं पडली?"

प्रीमियर लीगचे नियम वाचताना मला आजी आठवली. तोटा मोजताना अकादमीवरचा खर्च वगळायची मुभा आहे. प्रशिक्षक, मैदानं, वसतिगृह, पोरांच्या शाळा, कशाचाच पैसा मोजणीत येत नाही. पण त्याच अकादमीतून बाहेर पडलेला पोरगा विकला की येणारा पैसा पूर्ण धरतात. जमा धरायची आणि त्यामागचा खर्च धरायचा नाही, असा जमाखर्च आर्टिकलशिपच्या पोरानं माझ्यापुढे आणला तर मी तो परत पाठवीन.

ज्याने ३० जूनला विकलं नाही त्याचं काय होतं, तेही फॉरेस्टच्याच उदाहरणातून दिसतं. ब्रेनन जॉन्सन नॉटिंगहॅमचाच, आठव्या वर्षापासून अकादमीत. वडील डेव्हिडही फॉरेस्टकडून खेळलेले. २०२३ च्या जूनमध्ये वर्ष संपत आलं, तोटा मर्यादेबाहेर जाणार हे क्लबला माहीत होतं. क्लब नुकताच वरच्या लीगमध्ये आलेला, म्हणून मर्यादाही फक्त ६.१ कोटींची. तरी त्यांनी जॉन्सनला थांबवून ठेवलं आणि १ सप्टेंबरला टॉटनहॅमला ४.७५ कोटींना विकलं. शिक्षा ठरवणाऱ्या स्वतंत्र आयोगापुढे त्यांचं म्हणणं असं: घाईत स्वस्तात विकण्यापेक्षा दोन महिने थांबून जास्त किंमत मिळवली, यात शहाणपणा नाही का? धंद्याच्या दृष्टीने शंभर टक्के आहे. आयोगाला ते पटलं नाही. मर्यादा ३.४५ कोटींनी ओलांडली होती, ४ गुण गेले. हंगामाअखेर ३२ गुणांवर ते कसेबसे वाचले. आयोगाने नियम बरोबर लावला, असंच मी म्हणेन. नियमच असा आहे की पोरगा विकणं टळत नाही, कधी विकायचा एवढंच क्लबच्या हातात उरतं, आणि तेही पूर्ण नाही.

हाच जॉन्सन २१ मे २०२५ रोजी युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडविरुद्ध गोल करून गेला. सामन्यातला तो एकमेव गोल. टॉटनहॅमला सतरा वर्षांनी करंडक मिळाला. आणि सामना झाला कुठे? बिल्बाओत, सान मामेसवर.

बिल्बाओचा ॲथलेटिक क्लब म्हणजे या सगळ्याचं दुसरं टोक. १८९८ पासूनचा. बास्क प्रदेशात जन्मलेला किंवा तिथे घडलेला खेळाडूच खेळवायचा, हा शतकभराचा शिरस्ता; रक्ताचा नव्हे, मातीचा. इन्याकी विल्यम्सचे आईवडील घानाहून आलेले, पण तो जन्मला बिल्बाओत. स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून कधीच खाली न घसरलेले तीन क्लब आहेत: रेआल माद्रिद, बार्सिलोना आणि हा. २०२४ मध्ये चाळीस वर्षांनी त्यांनी कोपा देल रे जिंकला, तेव्हा खेळाडूंना गाबारा नावाच्या मालवाहू बोटीतून नदीवर मिरवलं.

पण बिल्बाओला तीर्थक्षेत्र करून टाकू नये. तिथेही पोरं जातात. केपा ८ कोटी युरोंना चेल्सीत गेला, लापोर्ट साडेसहा कोटींना मँचेस्टर सिटीत. स्पेनमध्ये करारात सुटकेची रक्कम लिहिलेली असते. ती कोणी टेबलावर ठेवली की क्लब काही बोलू शकत नाही. मग त्या पैशांचं करायचं काय? घ्यायचा तर बास्कच घ्यायचा, आणि बास्क खेळाडू मोजके, हे शेजाऱ्यांना ठाऊक असतं. लापोर्ट गेला त्याच जानेवारीत इन्यिगो मार्तिनेससाठी शेजारच्या रेआल सोसिएदादला ३.२ कोटी मोजावे लागले. फरक एवढाच की पोरगा गेला तर तो समोरच्याने पूर्ण रक्कम मोजली म्हणून जातो, आपल्या वहीत खड्डा पडला म्हणून नाही. २०२५ मध्ये निको विल्यम्सच्या मागे बार्सिलोना लागलेला असताना त्याने ॲथलेटिकशीच २०३५ पर्यंतचा करार केला.

प्रीमियर लीगमध्ये 'होमग्रोन', म्हणजे घरच्या, खेळाडूंची अट आहे की, असं कोणी म्हणेल. आहे. पंचवीसमध्ये आठ. पण ती पासपोर्ट किंवा जन्मगाव बघत नाही. एकविसाव्या वर्षाच्या आत त्या देशात तीन हंगाम नोंदणी असली की झालं. बार्सिलोनातून सोळाव्या वर्षी आर्सेनलमध्ये आलेला फाब्रेगास इंग्लंडचा घरचा खेळाडू ठरला होता.

२०२६-२७ पासून प्रीमियर लीगचा नियम बदलतो आहे; संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांत बसवायचा. खेळाडू विकून झालेला नफा त्या मोजणीतही येतो. माझ्या मते दोनच सरळ रस्ते आहेत. अकादमीचा खर्च वगळताय तर घरच्या पोराच्या विक्रीचा पैसाही वगळा. किंवा दोन्ही धरा. खालच्या क्लबांचं पोट अशा विक्रीवर चालतं, त्यांना सूट द्या. सौदी निधीच्या क्लबाला ती लागत नाही.

अँडरसन फॉरेस्टमधून २०२५ च्या सप्टेंबरात इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात पोहोचला. भाच्याने मॅच पाहिली नाही.

२०२४ च्या त्या जूनमधली एक नोंद सांगायची राहिली. अँडरसन गेला तेव्हाच फॉरेस्टचा गोलकीपर व्लाखोदिमोस सुमारे २ कोटी पौंडांना न्यूकॅसलमध्ये आला. पुढच्या अख्ख्या हंगामात तो न्यूकॅसलकडून एकदा मैदानात उतरला.