विंध्यगिरीच्या पायऱ्या आणि बधिर तळवे

सांगली-कोल्हापूर भागातील जैन घरांत श्रवणबेळगोळची यात्रा घडलेली नाही असा वडीलधारा माणूस क्वचितच आढळेल. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने निघावे, रात्र सरण्यापूर्वी अर्सीकेरेला उतरावे आणि नारळीच्या बागांमधून मोटारीने पुढे जावे, हा आमच्याकडचा जुना क्रम. 2017 पासून बेंगळूरु-हासन लोहमार्गावर खुद्द श्रवणबेळगोळचे स्थानकही झाले आहे. मला मात्र अजून अर्सीकेरेचाच रस्ता आवडतो. उजाडता उजाडता माळावर तो एकसंध खडकाचा डोंगर दिसू लागतो, माथ्यावर भगवान बाहुबलींचे मस्तक ओळखू येते, आणि गाडीत पेंगणारी मंडळी आपोआप हात जोडतात.

गाव लहान, पण त्याची मांडणी मोठी मनोहर. एका बाजूस विंध्यगिरी, समोर धाकटा चंद्रगिरी आणि मधोमध कल्याणी सरोवर. बेळगोळ म्हणजे पांढरे तळे. गावाचे नावच या जलाशयावरून पडले. विंध्यगिरीवरील सुमारे 57 फूट उंचीची मूर्ती गंगराजांचा मंत्री व सेनापती चामुंडराय याने इ. स. 981 च्या सुमारास घडवून घेतली. तिच्या पायांशी कोरलेल्या लेखांत मराठी ओळीही आहेत आणि मराठीच्या अतिशय जुन्या शिलालेखांत त्यांची गणना होते. कानडी मुलखात, एवढ्या उंचीवर, आपली भाषा अशी अचानक भेटते तेव्हा मन भरून येते.

विंध्यगिरीवर पादत्राणे चालत नाहीत. ती पायथ्याशी ठेवून खडकातच कोरलेल्या सुमारे साडेसहाशे पायऱ्या अनवाणी चढाव्या लागतात. हा नियम योग्यच आहे. त्याविरुद्ध मला काही म्हणायचे नाही. प्रश्न निराळा आहे. खडक गार आहे की तापलेला, पायाखाली खडा आहे की काटा, हे ज्या तळव्यांना कळतच नाही त्यांनी या तीर्थावर कसे जावे? आपल्या समाजात मधुमेह नसलेले घर आता शोधावे लागते. दुकानाच्या गादीवर दिवसाचे दहा-बारा तास बैठक, लग्नकार्यांतील पंक्ती आणि वर्षानुवर्षे रक्तातील साखरेकडे केलेला काणाडोळा यांचा हिशेब पुढे पायांतच निघतो. म्हणून हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही.

मला मधुमेह होऊन सतरा वर्षे झाली. गेली सहा वर्षे तळपायांची आग होते. दिवसा कामाच्या गडबडीत ती जाणवत नाही. रात्री अंथरुणावर पडले की निखाऱ्यांवर पाय ठेवल्यासारखे वाटते, मुंग्या येतात, मधूनच सुई टोचावी तशी कळ येते. कधी कधी अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. गंमत अशी की ज्या तळव्याची आग होते त्याच तळव्याला पायाखालचे नाणे कळत नाही. घरच्यांना हे खरे वाटत नाही. दुखते म्हणता आणि कळत नाही असेही म्हणता, हे कसे, असे सौ. ने मला अनेकदा विचारले आहे.

डॉक्टरांनी समजावले ते असे. दीर्घकाळ वाढलेली साखर मज्जातंतूंना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांना इजा करते. जो तंतू सर्वांत लांब, तो आधी खराब होतो. म्हणून आरंभ पायांच्या बोटांपासून होतो आणि विकार मोजा चढवावा तसा वर सरकतो. बिघडलेला तंतू कारण नसताना वेदनेचे खोटे निरोप धाडतो आणि खरा निरोप मात्र पोहोचवत नाही. तपासणीही सोपी आहे. नायलॉनचा एक जाड धागा तळव्यावर ठेवून दाबतात. दहा ग्रॅम भार पडला की तो वाकतो. डोळे मिटून बसलेल्या रोग्याने स्पर्श झाला की सांगायचे. माझ्या उजव्या अंगठ्यावर धागा तीनदा वाकला आणि मी गप्पच होतो. नादकाट्याचे कंपनही घोट्याच्या खाली जाणवले नाही.

“काका, आग होते त्याची मला तेवढी काळजी नाही,” डॉक्टर म्हणाल्या, “कळत नाही त्याची आहे.”

हे वाक्य आपल्या समाजातील श्रद्धाळू माणसांनी विशेष ध्यानात घ्यावे असे मला वाटते. परिचयातील एक कापडाचे व्यापारी चैत्रात भर दुपारी एका तीर्थाची अनवाणी परिक्रमा करून आले. फरशी तापलेली होती, बरोबरचे तरुण उड्या मारीत चालले होते आणि हे मात्र शांतपणे पावले टाकीत होते. लोकांनी त्यांच्या तपाची वाखाणणी केली. दोन दिवसांनी सुनेला त्यांच्या मोज्यावर डाग दिसला तेव्हा तळव्याचे कातडे फोड येऊन सुटले होते. पुढे जखम चिघळली, तीन महिने दुकान मुलाकडे राहिले आणि पायाचे एक बोट काढावे लागले.

आपल्या शास्त्रांत बावीस परीषह सांगितले आहेत. उष्ण परीषह आहे, तृणस्पर्श परीषह आहे. काटा टोचला, त्याची वेदना झाली आणि तरीही समता ढळली नाही, तर तो परीषहजय. ज्याला काटा टोचल्याचे कळलेच नाही त्याने सहन काय केले? बधिरता हे तप नव्हे, तो रोग आहे. वेलूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या हातापायांचा अभ्यास करून दाखवले होते की त्यांच्या बोटांची झीज बरीचशी वेदना न कळल्यामुळे झालेल्या इजांनी होते. पुढे तेच ज्ञान मधुमेह्यांच्या पायांसाठी उपयोगी पडले. मऊ एम.सी.आर. रबराची जी चप्पल आज मधुमेह्यांना देतात, ती कुष्ठरोग्यांनाही फार पूर्वीपासून देत आले आहेत.

यंदा संक्रांतीनंतर आम्ही जाण्याचे ठरवले. सौ., मी आणि माझी थोरली बहीण अक्का. अक्काचे वय चौऱ्याहत्तर. साखर नाही, गुडघे मात्र कुरकुरतात. निघण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घेतली, कारण हाच विकार हृदयाच्या तंतूंनाही ग्रासतो आणि छातीत कळ न येताच हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. रक्तात बी-12 जीवनसत्त्वही पाहिले. ही गोष्ट आपल्याला फार लागू आहे. बी-12 वनस्पतीजन्य अन्नात नसते. शाकाहाऱ्याला ते दूध-दह्यातूनच काय ते मिळते. त्यात मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने त्याचे शोषण कमी होते. आणि बी-12 च्या अभावानेही पायांना अशाच मुंग्या येतात, अशीच बधिरता येते. माझे प्रमाण खालच्या मर्यादेच्याही खाली निघाले. इंजेक्शने घेतल्यावर मुंग्या काहीशा उतरल्या, आग राहिली. तिच्यासाठी रात्री प्रीगॅबालिनची गोळी आहे. तिने तंतू बरा होत नाही, वेदना तेवढी सुसह्य होते. आरंभी झोप व घेरी येते म्हणून मात्रा हळूहळू वाढवतात, हे ठाऊक नसल्याने अनेकजण आठवड्यातच ती सोडून देतात.

पहाटेच्या अंधारात डोंगर चढण्याची अनेकांना हौस असते. बधिर पायांना ते मानवत नाही. जमीन कुठे आहे हे पाऊल सांगत नाही, ते काम डोळ्यांना करावे लागते, आणि अंधारात तोही आधार जातो. ऊन चढल्यावर खडक तापतो. तेव्हा स्वच्छ उजाडल्यावर लगेच चढायचे आणि दहाच्या आत उतरायचे, असे ठरवले.

पायथ्याशी मोजे विकत मिळतात, ते घालून चढता येते. मी मात्र घरूनच जाड सुती मोजे नेले होते. गुळगुळीत खडकावर नायलॉन घसरतो, आणि मोजे पांढरे असले की रक्ताचा ठिपका लगेच दिसतो. अक्काला ते रुचले नाही.

“देवापाशी मोजे घालून जायचं होय रे?”

“अक्का, तुझ्या पायाला खडा लागला तर तू पाय उचलशील. मला कळणारच नाही.”

ती काही बोलली नाही. पहिली पन्नास-साठ पावले मात्र ती माझ्या पुढे चालली आणि वाटेतले दोन-तीन खडे तिने पायाने बाजूला सारले.

पायऱ्यांना बाजूला कठडा आहे, त्याचा आधार घेत मी प्रत्येक पायरीकडे पाहून पाऊल टाकीत होतो. तेव्हा ईर्यासमिती आठवली. चार हात जमीन पाहून चालावे हा नियम जीवदयेसाठी आहे. पायाखाली मुंगीही सापडू नये म्हणून. माझ्यासारख्याच्या बाबतीत त्याच चालण्याने स्वतःचा पायही वाचतो. लहानपणी पाठशाळेत हे पाठ केले होते, साठीनंतर रोगाने त्याचा सराव करवला. ज्यांना एवढेही झेपत नाही त्यांच्यासाठी डोली आहे. डोलीत बसण्यात आमच्या व्यापारी मंडळींना उगाच कमीपणा वाटतो. दुकानातले पोते हमालाकडून उचलून घेताना वाटत नाही, मग इथेच का वाटावा?

वर पोहोचल्यावर मी मुखदर्शनानंतर बराच वेळ मूर्तीच्या पायांकडेच पाहत राहिलो. दोन्ही बाजूंना वारुळे, त्यांतून डोकावणारे सर्प, मांड्यांवरून बाहूंवर चढलेली माधवीलता. वर्षभर कायोत्सर्गात उभे राहिलेल्या त्या देहाला काही कळत नव्हते असे शिल्पकाराने दाखवलेले नाही. मुद्रा जागी आहे. सारे जाणवत असूनही अचल राहिलेले ते पाय आहेत. माझे पाय त्या जातीचे नव्हेत, हे तिथे उभे असताना फार स्पष्टपणे कळले आणि बरेही वाटले.

उतरणे चढण्याहून अवघड गेले. खाली येताच बाकावर बसून मोजे काढले आणि हातआरशात दोन्ही तळवे पाहिले. बोटांच्या बेचक्याही पाहिल्या. हे मी रोज रात्री करतो. बँकेत रोकड जुळल्याशिवाय तिजोरी बंद होत नसे, तसे पाय पाहिल्याशिवाय दिवा मालवत नाही. त्या दिवशी डाव्या टाचेपाशी एक लालसर ठिपका होता, फोड नव्हता. एक मात्र निक्षून सांगतो: थकल्या पायांना गरम पाण्याचा शेक देण्याची आपल्याकडची रीत अशा पायांना घातक आहे. पाणी किती कढत आहे हे पाय सांगणार नाहीत.

सायंकाळी भोजनालयात सूर्यास्ताआधी जेवण झाले. चौविहार पाळणाऱ्या मधुमेह्याने गोळीची वेळ जेवणाबरोबर अलीकडे घ्यावी लागते, आणि ती मात्रा डॉक्टरांना विचारूनच. रात्री साखर एकदम उतरली तर काय, हेही आधीच ठरलेले असावे. श्वेतांबर परंपरेत प्रत्याख्यान घेतानाच आगार ठेवले जातात. दिगंबर बांधवांनी आपल्या महाराजांना विचारून घ्यावे. घाम सुटून हात कापू लागल्यावर चर्चेला वेळ नसतो. अक्काने स्वतःहून खडीसाखरेची पुडी माझ्या उशाशी ठेवली. ती स्वतः सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही.

दुसऱ्या दिवशी चंद्रगिरी. पायऱ्या थोड्या, पण टाचेवरचा तो ठिपका गेला नव्हता, म्हणून मी पायथ्याशी झाडाखाली बसलो. सौ. आणि अक्का भद्रबाहू स्वामींच्या गुंफेपर्यंत जाऊन आल्या. तिथे पूजा होते ती स्वामींच्या चरणचिन्हांची. खाली आल्यावर अक्काने त्या चरणांवरचे गंध माझ्या कपाळाला लावले आणि म्हणाली, “आता जरा टाच दाखव बघू.”