आमचा लाकडी विठोबा

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरात अभ्यंगस्नानावाचून राहणारी असामी एकच. ती म्हणजे देव्हाऱ्यातला विठोबा! बाळकृष्णाला, अन्नपूर्णेला, टाकांना तेल-उटणे लागते, ऊन पाणी मिळते. हा वीतभर उंचीचा विठोबा मात्र कमरेवर हात ठेवून कोरडाच उभा असतो. तो फणसाच्या लाकडाचा आहे. पणजोबांनी दारचा फणस पडला तेव्हा त्यातून तो कोरवून घेतला, असे घरात सांगतात.

"त्याला पाण्याचे वावडे आहे," असे आजी म्हणे. ती त्याच्यापुढे आरसा धरी आणि आरशातल्या विठोबावर पळीभर पाणी सोडी. ही आजीचीच युक्ती असावी, असे मला वाटे. पुढे पुरीला गेलो तेव्हा कळले, की तिथल्या जगन्नाथाचे रोजचे स्नानही आरशातल्या प्रतिबिंबालाच घालतात. तोही लाकडाचाच, कडुनिंबाच्या. वर्षातून एकदा, ज्येष्ठी पौर्णिमेला, त्याला खरेखुरे १०८ घागरींचे स्नान होते. मग देव आजारी पडतो, पंधरा दिवस दर्शन देत नाही. त्या काळात अंगावरचे धुपलेले रंग पुन्हा चढवले जातात. आजारपणाची ही कल्पना ज्याला सुचली, त्याला भक्तीइतकेच लाकूडही कळत असले पाहिजे.

लाकडाचा देव सांभाळायचा म्हणजे बऱ्याच गोष्टी करायच्या नाहीत. गंध अंगाला लावायचे नाही, पायाशी ठेवायचे. समई हातभर दूर. ओली फुले अंगावर वाहायची नाहीत. धूळ जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने टिपायची, घासायची नाही. कोकणातल्या पावसाळ्यात देव्हारा बंद ठेवायचा नाही आणि आश्विनात ऊन पडले म्हणून देवाला उन्हात बसवायचे नाही. पडवीच्या सावलीत वारा लागला की पुरे.

लाकडाचे वैर नुसत्या पाण्याशी नाही. भिजणे आणि सुकणे आलटून पालटून होते, त्याने ते खचते. कांचीपुरमच्या वरदराज मंदिरातला उंबराच्या लाकडाचा अत्ती वरदर चाळीस चाळीस वर्षे पुष्करिणीच्या तळाशी असतो. १९७९ नंतर तो २०१९ साली वर आला, ४८ दिवस दर्शन दिले आणि पुन्हा पाण्यात गेला. बुडालेल्या लाकडाला हवा नीट मिळत नाही, म्हणून बुरशी फोफावत नाही. वाळवी तर तिथवर पोचतच नाही. आमच्या विठोबाला मात्र जमिनीवर, माणसांत राहायचे होते.

यंदा पाऊस सरता सरता तो किंचित कलला. पाहतो तो भिंतीवरून वाळवीची मातकट रेघ पाटापर्यंत आलेली! शिवाय पायापासून गुडघ्यापर्यंत एक चीर. धाकटा भाऊ मुंबईहून आला होता. मार्गशीर्षात त्याच्या मुलीचे लग्न.

"दादा, खंडित मूर्ती घरात ठेवू नये," तो म्हणाला. "नदीत विसर्जन करू. मी संगमरवरी आणतो."

त्याचे बोलणे शास्त्राला धरून होते आणि पोटी लेकीची काळजी होती. मला उत्तर सुचेना. ऐंशी वर्षांची आई काही बोलली नाही. त्या रात्री ती जेवलीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी गावातल्या म्हाताऱ्या सुताराला बोलावले. त्याने हात धुतले, देवाला नमस्कार केला आणि डोक्यापासून पायापर्यंत बोटाने टिचक्या मारीत गेला. आम्ही श्वास रोखून ऐकत होतो. पाटाशी आवाज पोकळ आला.

"आये, देव बरो आसा," तो म्हणाला. "पाट तेवढो गेलो."

चिरेत लांबी भरू का, म्हणून मी विचारले. त्याने मान हलवली. ही चीर चैत्रात उघडते, श्रावणात मिटते. घट्ट काही भरले तर फुगलेले लाकूड दुसरीकडून फुटेल. तो नवा पाट बसवीत होता, तेव्हा विठोबाला धोतरात गुंडाळून मांडीवर धरून धाकटाच बसला होता.

संध्याकाळी मी आईला पुरीची गोष्ट सांगितली. ज्या वर्षी अधिक आषाढ येतो, त्या वर्षी तिथे नवकलेवर होते. याआधी १९९६ साली झाले, मग २०१५ साली. नव्या मूर्ती घडतात, जुन्या मंदिराच्याच आवारात पुरतात आणि दैतापती सेवक घरचे माणूस गेल्यासारखे सुतक पाळतात.

आई म्हणाली, "वेळ आली की तोही जायचाच, रे. पण आपल्या हाताने आधी कशाला धाडायचा?"

धाकट्याने ते ऐकले. लग्नाची पहिली पत्रिका याच विठोबापुढे ठेवायची, असे तो मुंबईला जाताना आईला सांगून गेला. त्याची गाडी वळली तशी आईने मला हळूच विचारले, "लग्नाच्या गडबडीत समई दूरच ठेवशील ना, रे?"