आमचा एक अविचारी सल्ला

आमचे एक बंधू नोकरीनिमित्त इंदूरला असतात. गेल्या वर्षी त्यांच्याकडे काही दिवस राहण्याचा योग आम्हांस आला. होळकरांच्या काळापासून त्या शहरी मराठी घराणी नांदत आली आहेत. अशाच एका घराण्यातील वृद्ध गुरुजी शेजारी राहतात. एके सायंकाळी ते आम्हांस म्हणाले, "फादर, माझी नाडी अनियमित चालते, म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी दिली आहे. पण दात घासताना हिरड्यांतून रक्त येते. प्रकृती तर ठणठणीत आहे. गोळी बंद करावी म्हणतो."

आम्ही सहज उत्तरलो, "बरे वाटत असेल तर औषध हवे कशाला, गुरुजी?"

तीन आठवड्यांनी बंधूंचा निरोप आला. सकाळी चहा घेताना गुरुजींच्या उजव्या हातातून कप गळून पडला व वाचा गेली. पक्षाघात! आम्ही लागलीच इंदूर गाठले.

डॉक्टरांनी आम्हांस सांगितले ते असे: ह्या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. तेथे रक्त साचून त्याची गुठळी होते. ती मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली की पक्षाघात होतो. अशा रुग्णांस हा धोका इतरांहून सुमारे ५ पट अधिक असतो. वॉरफरिनसारखी गोळी नेमाने घेतल्यास तो जवळजवळ दोन तृतीयांशाने घटतो. गोळीने रक्तस्राव होऊ शकतो हे खरे. परंतु त्यावर उपाय म्हणजे डॉक्टरांस विचारून मात्रा ठरविणे, मनाने गोळी सोडणे नव्हे.

ह्या औषधाचा उगम गोठ्यातला आहे. १९३३ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिनचा एक शेतकरी, बुरसलेले गवत खाऊन मेलेल्या गुराचे न गोठणारे रक्त घेऊन कार्ल पॉल लिंक ह्या रसायनशास्त्रज्ञाकडे गेला. त्या शोधातूनच वॉरफरिन निघाले. १९४८ साली ते उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांचे औषध झाले. मात्रा चुकली की विष, सांभाळली की जीवदान!

म्हणून वॉरफरिन घेणाऱ्यांनी आयएनआर ही रक्ततपासणी वेळेवर करावी. बहुधा तो आकडा २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. मेथी-पालक वर्ज्य नाही, परंतु प्रमाण एकसारखे असावे. उपवासकाळात एकाएकी रोजच पालेभाजी खाल्ली तर गोळीचा जोर कमी पडतो. अंगदुखीची गोळीही विचारल्याविना घेऊ नये. आता काही नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही. तरी कोणास कोणती, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

गुरुजी आता काठीच्या आधाराने चालतात. शब्द मात्र अडखळतात. आम्ही क्षमा मागितली तेव्हा त्यांनी डाव्या हाताने आमचा हात दाबला. रात्री काकू त्यांच्या तळहातावर गोळी ठेवतात, आणि ती गिळेपर्यंत समोरून हलत नाहीत. वाचकहो, तुमच्या घरी कोणी असे औषध घेत असेल, तर त्या काकूंसारखे व्हा. आमच्यासारखे होऊ नका.