पोथीवरचा हरताळ

गेल्या माघ महिन्यात आमच्या नातीचे डोहाळजेवण झाले. दांडिया बाजारातील जुन्या वाड्याच्या चौकात पुष्कळ वर्षांनी झोपाळा फुलांनी सजला. शेजारच्या गुजराती भगिनी ‘सीमंता’चाच सोहळा समजून हौसेने आल्या, आणि झाकलेल्या वाटीत पेढा निघतो की बर्फी, यावरून चांगलाच हशा पिकला. संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर नात माझ्याजवळ येऊन बसली. सयाजीराव विद्यापीठातून तिने विज्ञानाची पदवी घेतली आहे. प्रश्न विचारण्याची सवय तिला लहानपणापासूनच.

“आजोबा, आजी तुमचे कारखान्यातले कपडे हातांनी धुवायची ना?”

“हो. यंत्र कोठले तेव्हा?”

“आणि आई तेव्हा तिच्या पोटात होती. म्हणजे एका अर्थी मीही तिथेच होते.”

ती हे सहज बोलून गेली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

वाचकहो, या प्रश्नामागची हकीकत थोडक्यात सांगतो. १९७४ साली मी शहराबाहेरील एका रंगद्रव्यांच्या कारखान्यात रसायनज्ञ म्हणून लागलो. ते दिवस बडोद्याच्या उमेदीचे होते. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ मध्ये सुरू झाला होता. त्यामागून खतांचा कारखाना आला, पेट्रोरसायनांचा आला आणि नंदेसरीची औद्योगिक वसाहत उभी राहिली. रसायनशास्त्राला या नगरीत पूर्वीपासून मान होता. सयाजीरावमहाराजांनी १८९० मध्ये कलाभवन स्थापिले. १९०७ साली अलेंबिकचा पाया घालणाऱ्या तिघांत गज्जर आणि अमीन यांच्या जोडीला आपले कोटिभास्करही होते. त्या परंपरेत आपण पाऊल टाकीत आहोत, असा मला अभिमान वाटे.

माझे काम पिवळ्या रंगाच्या विभागात. हातमोजे मिळत, परंतु उन्हाळ्यात घामाने हात कुजतात म्हणून ते आम्हीच काढून ठेवीत असू. घरी परतलो की हात मनगटापर्यंत पिवळे असत. “आज कोणाची हळद लागली?” असे ही रोज हसून विचारी. नंतर माझे कपडे ती न्हाणीत वेगळे भिजवी आणि चोळून धुई. १९७८ साली आमची मुलगी पोटात असतानाही तिने हा क्रम मोडला नाही. एकदा हळदीकुंकवास जाताना कोपरापर्यंत पिवळे झालेले हात दाखवून म्हणाली, “मला निराळी हळद नको.” आम्ही दोघेही हसलो होतो. आज ती नाही, आणि ते हसणे आठवले की मन अस्वस्थ होते. मुलीला बालपणापासून दमा आहे. अनेक डॉक्टर झाले. त्यांपैकी एकानेही कधी तिच्या वडिलांचा व्यवसाय विचारला नाही, आणि मीही तो कधी आपणहून सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी मी नातीला म्हणालो, “तुझे ते शास्त्र मला नीट समजावून सांग.” ती सांगू लागली आणि मला आमच्या प्राच्य विद्या मंदिरातील पोथ्या आठवल्या. तरुणपणी मी तेथील जुनी हस्तलिखिते पाहिली होती. लेखनिकाचा हात चुकला, तर नको असलेल्या अक्षरांवर तो हरताळ फाशी. खालचे अक्षर नष्ट होत नसे. केवळ वाचले जात नसे. आपण ‘तत्त्वाला हरताळ फासला’ म्हणतो तो हाच.

शरीरातही असेच काही घडते. प्रत्येक पेशीत जनुकांची पोथी एकच. यकृताच्या पेशीत तीच आणि मेंदूच्या पेशीतही तीच. परंतु कोणते पान कोठे वाचावयाचे आणि कोणते झाकावयाचे, हे ठरविणाऱ्या खुणा निराळ्या असतात. कर्ब आणि हायड्रोजन यांचा मिथिल नावाचा एक चिमुकला गट डीएनएवर चिकटतो आणि पुष्कळदा ते जनुक मूक होते. या खुणांच्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात. हा शब्द १९४२ मध्ये वॅडिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने योजिला. अक्षर न बदलता वाचन बदलते, हे या शास्त्राचे सार.

आणि हा हरताळ बाहेरच्या विषांनीही हलतो. योगायोग असा की, खरा हरताळ म्हणजे सोमलाच्याच कुळातील, आर्सेनिक आणि गंधक यांचे संयुग. पाण्यातून आर्सेनिक पोटात गेले की ते बाहेर टाकण्यासाठी शरीर त्याला मिथिल गट जोडते. ज्या साठ्यातून जनुकांच्या खुणा केल्या जातात, त्याच साठ्यातून हा खर्च होतो. वाहनांच्या धुराचेही तसेच. अमेरिकेतील बोस्टन शहरात वृद्ध पुरुषांचे रक्त तपासले, तेव्हा धुराचे कण अधिक असलेल्या दिवसांनंतर त्यातील काही मिथिल-खुणा उणावलेल्या आढळल्या. हे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. गरोदरपणी धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांच्या नवजात बालकांच्या नाळेतील रक्तातही अशा बदललेल्या खुणा सापडतात.

आता नातीच्या त्या वाक्याकडे वळतो. स्त्रीगर्भाच्या बीजकोशांत आयुष्यभराची बीजे आईच्या पोटातच, पाचव्या महिन्याच्या सुमारास, साठसत्तर लाखांच्या संख्येने तयार झालेली असतात. म्हणजे माझी पत्नी न्हाणीत बसून ते पिवळे पाणी पिळीत होती, तेव्हा तेथे तिघीजणी होत्या: ती स्वतः, पोटातील आमची कन्या आणि त्या कन्येच्या उदरातील एक सूक्ष्म बीज, जे आज माझ्याशेजारी बसून मला शास्त्र शिकवीत होते. या तिघींना त्या पाण्याचा प्रत्यक्ष संपर्क होऊ शकत होता. जिला तो मुळीच झाला नाही अशी पहिली पिढी म्हणजे नातीच्या पोटातील बाळ.

“मग त्या बाळापर्यंत काही पोहोचले असेल का?” मी विचारले. विचारताना माझा आवाज थोडा कापला असावा.

तिने उत्तर देण्याची घाई केली नाही. २००५ साली अमेरिकेत उंदरांवर झालेल्या प्रयोगात, गाभण मादीला एक बुरशीनाशक दिले असता नरसंततीतील दोष चौथ्या पिढीपर्यंत दिसले; त्या प्रयोगावर पुढे पुष्कळ वादही झाला. मानवाच्या बाबतीत मात्र असा वारसा अद्याप सिद्ध झालेला नाही. निसर्गाने त्याची तजवीजही केली आहे. बीजे तयार होताना एकदा आणि गर्भधारणेनंतर लगेच पुन्हा एकदा, अशा दोन वेळा जुन्या खुणा बहुतांशी पुसल्या जातात आणि पोथी नव्याने वाचावयास घेतली जाते. थोड्या खुणा निसटून राहतात. त्यांचाच शोध चालू आहे. आईचा दमा माझ्या कारखान्यामुळे, असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. आणि तसे नाहीच, असेही कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

“पण आजोबा, ही खूण म्हणजे ललाटरेषा नव्हे,” ती म्हणाली. धूम्रपान सोडणाऱ्यांच्या रक्तातील बदललेल्या पुष्कळ खुणा काही वर्षांत पूर्ववत होऊ लागतात. २००३ साली पिवळ्या केसांच्या एका जातीच्या गाभण उंदरांना फोलिक आम्ल, बी-१२ जीवनसत्त्व इत्यादी मिथिल पुरविणारी द्रव्ये खाऊ घातली, तर पिले अधिक प्रमाणात तपकिरी निपजली. पुढे २००७ मध्ये प्लॅस्टिकमधील एका रसायनाने अशी पिले पुन्हा अधिक पिवळी झाली आणि आईच्या आहारात फोलिक आम्ल वाढविताच तो परिणाम टळला. पिवळा रंग येथेही माझी पाठ सोडीत नव्हता!

आहाराचा हा धागा थेट आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास चालविला. त्यांत निम्म्याहून अधिक मातांच्या शरीरात बी-१२ कमी होते. ज्यांच्यात फोलिक आम्ल भरपूर पण बी-१२ उणे, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी मधुमेहाकडे झुकणारी लक्षणे अधिक दिसली. हे २००८ साली प्रसिद्ध झाले. हे प्रदूषणाचे उदाहरण नव्हे. परंतु मिथिलची शिदोरी याच दोन जीवनसत्त्वांच्या आधाराने तयार होते. आपल्या शाकाहारी घरांतून दूध, ताक, दही गरोदर मुलीच्या वाट्यास पुरेसे येते की नाही, आणि वैद्यकीय सल्ल्याने रक्ततपासणी झाली की नाही, एवढे तरी आपल्याला पाहता येईल.

तरीही सारा भार आईच्या ताटावर टाकून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. माझ्या पत्नीने ते रंग घरी आणले नव्हते; मी आणले होते. आणि मी तरी ते कोठून आणले? सयाजीरावमहाराजांनी १८९२ साली आजव्याचे स्वच्छ पाणी नगरीत आणविले, तेव्हा प्रत्येकाने आपापले पाणी उकळून प्यावे एवढे सांगून ते थांबले नाहीत. कारखान्यांचे सांडपाणी पंचावन्न-छप्पन्न किलोमीटर दूर, महीच्या मुखाकडे, नेणारा कालवा बडोद्यात १९८३ मध्ये सुरू झाला. त्याआधीची आमची कित्येक वर्षे कशी गेली असतील, याची कल्पना वाचकांनी करावी. कामगाराचे कपडे कारखान्यातच धुतले जावेत ही साधी व्यवस्था आमच्याकडे नव्हती, आणि रसायनज्ञ असूनही ती मागण्याचे मला सुचले नाही. याची खंत मला आहे.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत कपाटात आहे. कोणत्या पूर्वजाला गायकवाड सरकारातून कोणती आसामी मिळाली, कोणाचा विवाह कोठल्या घराण्याशी झाला, हे सारे त्यात आहे. कोण कोणते पाणी प्याले, कोणाच्या फुप्फुसांत कोणती धूळ गेली, हे मात्र त्यात कोठेही नाही. मी एक वही आणली आहे. ज्या ज्या द्रव्यांत मी हात घातले त्यांची नावे, सालवार, आठवतील तशी तीत लिहीत आहे. मुलीच्या जन्माचे वर्ष ठळक केले आहे. डोहाळजेवणाच्या आठवड्यात सुरू केलेली ही यादी चार पानांवर गेली आहे.

नात ती वही आपल्या डॉक्टरीणबाईंना दाखविणार आहे. त्यातून काही निष्पन्न होईल किंवा होणारही नाही. पण आता कोणी विचारले, तर उत्तर लिहिलेले असेल. शेवटच्या पानावर मी पत्नीचे नाव लिहिले आणि त्याखाली तिचा व्यवसायही: रंगाच्या कारखान्यातील कपडे धुणे, अठ्ठावीस वर्षे, विनावेतन.