पैसे ठेवायलाही पैसे

‘वॉलमार्टच्या कार्डाशी आपला काय संबंध?’ असे आमच्या अभ्यासवर्गात एका तरुण कार्यकर्त्याने विचारले. प्रश्न रास्त आहे. पण ज्यांच्या आजोबा-पणजोबांना राबण्याचा मोबदला बलुते म्हणून, तोही गावाच्या मर्जीने, घ्यावा लागला त्या आपल्याला हा विषय इतरांआधी कळायला हवा.

अमेरिकेत बँकेत खाते नसलेले लोक कोण? 2009 च्या सरकारी पाहणीत सुमारे 22 टक्के काळ्या कुटुंबांचे खातेच नव्हते. गोऱ्यांत हे प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास होते. गुलामीतून सुटलेल्यांनी पै-पै साठवलेली फ्रीडमन्स बँक 1874 मध्ये बुडाली, तिथपासूनचा हा इतिहास आहे.

वॉलमार्टने 2007 मध्ये स्वतःची बँक काढण्याचा अर्ज मागे घेतला आणि त्याच वर्षी प्रीपेड डेबिट कार्ड बाजारात आणले. यात पैसे आधी भरायचे, मग खर्चायचे. म्हणजे उधारी नाही, कंपनीला बुडण्याची भीती नाही. तरीही अलीकडच्या दरपत्रकात महिन्याला 5.94 डॉलर शुल्क आहे. 500 डॉलर किंवा त्याहून जास्त पगार थेट जमा झाला तर ते माफ! हे नीट वाचा. ज्याची मिळकत तुटपुंजी किंवा रोखीची, त्यानेच वर्षाला 71 डॉलर मोजायचे.

समर्थक सांगतात की चेक वटवून देणाऱ्या दुकानांपेक्षा हे स्वस्त पडते. पडत असेलही, 2009 मध्ये वॉलमार्टने दर उतरवलेही होते. पण शेजारच्या खोतापेक्षा आमचा खोत बरा, हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही.

‘आपला माणूस’ हाही उपाय नव्हे. रशकार्ड काढणारे रसेल सिमन्स काळेच होते, गिऱ्हाइकेही बरीचशी काळी. ऑक्टोबर 2015 मध्ये यंत्रणा बदलताना घोळ झाला आणि हजारो लोकांचा स्वतःचाच पगार अडकला. 2017 मध्ये सरकारने भरपाई व दंड मिळून 1 कोटी 30 लाख डॉलर भरायला लावले. (आपल्याकडच्या काही पतपेढ्या आठवल्या तर आमचा नाइलाज आहे.)

आम्हाला सर्वांत बोलका वाटतो तो मेक्सिकोचा खटला. तिथे वॉलमार्ट कामगारांच्या वेतनाचा काही भाग स्वतःच्याच दुकानात चालणाऱ्या कुपनांत देत असे. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते 1917 च्या राज्यघटनेविरुद्ध ठरवले. कुपन काय, बलुते काय, मजुरी कशात द्यायची हे मालक ठरवू लागला की मजुरावरचा ताबाही त्याचाच राहतो. बाबासाहेबांनी हे ओळखले होते. 1928 मध्ये मुंबई कौन्सिलात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यात बलुत्याऐवजी रोख रकमेची तरतूद होती.

2018 मध्ये वॉलमार्टने फ्लिपकार्ट ताब्यात घेतली. आपली कितीतरी मुले आज अशा कंपन्यांच्या गोदामांत आणि डिलिव्हरीवर राबतात. पगार कोणत्या खात्यात येतो, ते खाते कुणी निवडले, नोकरी सुटल्यावर त्यावर कोणते शुल्क लागते, हे त्यांतल्या बहुतेकांना आम्ही विचारलेलेच नाही. म्हणून पुढच्या रविवारी अभ्यासवर्गाला येताना प्रत्येकाने सहा महिन्यांचे पासबुक आणि पगारपत्रक आणावे. कापलेली प्रत्येक रक्कम आपण फळ्यावर लिहिणार आहोत.