गंज पेठेतला वाडा आणि गावचा मास्तर

वाचकहो, माल घेऊन पुण्याच्या गुलटेकडी बाजारात तुमचे जाणे होत असेल. पट्टी हातात पडली की लगेच गावाकडे फिरू नका. तासभर काढा आणि गंज पेठेत महात्मा फुल्यांच्या वाड्यावर जाऊन या. स्वारगेटपासून तो फार लांब नाही.

वाड्यात जोतिरावांची समाधी आहे. १८६८ साली अस्पृश्यांना खुला केलेला पाण्याचा हौदही इथलाच. याच घरच्या सावित्रीबाई शिकवायचे कसे हे शिकण्यासाठी नगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये गेल्या. शिक्षक तयार करणाऱ्या शाळेला तेव्हा नॉर्मल स्कूल म्हणत.

पुढे सरकारने अशा शाळा काढल्या, पण खेड्यापर्यंत त्यांचा लाभ फारसा पोचला नाही. १८८२ साली शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर कमिशन बसले. १९ ऑक्टोबरला जोतिरावांनी त्याला निवेदन दिले. त्याखाली त्यांनी स्वतःला व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद म्हटले आहे.

त्यांनी रोखठोक सांगितले की, प्राथमिक शाळांतले बहुतेक शिक्षक ब्राह्मण आहेत, त्यांतले थोडेच ट्रेनिंग घेतलेले, आणि पगार क्वचितच दहा रुपयांच्या वर. शेतकऱ्याच्या घामातून सारा आणि लोकल फंडाची पट्टी वसूल होते, मग त्याच्या पोरांना असा शिक्षक का?

उपायही त्यांनीच सुचवला. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्या. रयतेत मिसळणारा, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस धरायला न लाजणारा माणूस हवा. त्याला ट्रेनिंगमध्ये नेहमीच्या विषयांबरोबर शेती आणि आरोग्याची माहिती द्या. पगार बारा रुपयांहून कमी नको, मोठ्या गावात पंधरा-वीस द्या. गावचे हिशेब तपासणे, टपाल सांभाळणे अशी कामे सोपवा, म्हणजे गावात त्याचा मान वाढेल. शाळेला छोटे नमुन्याचे शेत जोडा, म्हणजे मुलांना शेतीचे धडे प्रत्यक्ष देता येतील.

नांगराची मूठ धरणाऱ्या मास्तराचा विचार या वाड्यातून सरकारदरबारी गेला. तिथून परतलात की एकदा आपल्या गावच्या शाळेत डोकवा. गुरुजी-बाईंना विचारा, शाळेला चार वाफे करायचे असतील तर जागा, बी आणि पाणी आम्ही देऊ का?