खड्यांच्या दाराचा उंदीर

उंदीर म्हटला की आमच्या भंडाऱ्याच्या माणसाला धानाची बांधी आठवते. धुऱ्यातली बिळं, आत ओढून नेलेल्या लोंब्या आणि शेतकऱ्याच्या शिव्या. पण आज लिहायचंय ते बरडीवरच्या उंदराबद्दल. हा कुणाच्या वाटेला जात नाही.

बरड म्हणजे मुरमाड, खडकाळ जमीन, जिथे धान होत नाही. साकोलीकडे मास्तरकी करत होतो तेव्हा शाळेमागे अशीच बरड होती. सातवीतला एक वडाराचा पोरगा मला तिथे घेऊन गेला. गणितात कच्चा, पण जमिनीवरचं त्याला सगळं दिसायचं. उतारावर बोट दाखवून म्हणाला, "गुर्जी, हे त्याचं घर." पाहतो तर बारीक खड्यांचा ढीग, कुणी हाताने वेचून ठेवल्यासारखा. बिळाचं तोंडही खड्यांनी बुजवलेलं. "मालक घरीच हाय," तो म्हणाला.

निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली तेव्हा या उंदराची भेट पुस्तकात झाली. शास्त्रीय नाव मस प्लॅटिथ्रिक्स, म्हणजे चपट्या केसांचा. पाठीवरचे केस चपटे आणि काट्यासारखे राठ असतात. १८३२ साली बेनेट यांनी दख्खनमधल्या नमुन्यावरून त्याची नोंद केली. पुढे १८३९ मध्ये वॉल्टर इलियट या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने धारवाडकडच्या, तेव्हाच्या दक्षिण मराठा मुलखातल्या प्राण्यांची यादी छापली. तीत सगळं आहे. लाल मुरमाड जमिनीत बीळ, उंदीर आत असला की खड्यांनी बंद केलेलं तोंड, बाहेर साठवलेले खडे. आणि आतल्या खोलीत अंथरूणसुद्धा खड्यांचंच! पोटावरच्या दाट केसांमुळे ते त्याला टोचत नाही, असं इलियट म्हणतात.

साहेबाला हे सांगितलं कुणी? त्या यादीतली उंदरांची काही नावं चक्क वडारांच्या तोंडची आहेत. शेतातल्या एका मऊ केसांच्या उंदराच्या शास्त्रीय नावात 'मेल्टाडा' आहे, तो मूळचा वडारांचा शब्द. दगड फोडणाऱ्या, तळी खोदणाऱ्या लोकांना बिळांची माहिती नसेल तर कुणाला? माझ्या त्या विद्यार्थ्याला हे वाचून दाखवायला मिळालं असतं तर काय मजा आली असती. सातवीनंतर तो बिऱ्हाडाबरोबर गेला, तो पुन्हा दिसला नाही.

ऑस्ट्रेलियात पिल्बारा नावाच्या रुक्ष, लोखंडाच्या खाणींच्या प्रदेशातही खडे रचणारे उंदीर आहेत. जेमतेम दहा-बारा ग्रॅमचा जीव, आणि आपल्या निम्म्या वजनाचा खडा तोंडात धरून आणतो. तिथे खाण काढण्याआधी हे ढीग कुठे आहेत ते पाहतात म्हणे.

आमच्याकडे कोण पाहतं! मागल्या हिवाळ्यात मुलासोबत त्या बाजूला गेलो होतो. निम्मी बरड मुरमासाठी खोदून नेलेली. उरलेल्या उतारावर तासभर फिरलो (गुडघे बोलत होते, तरी फिरलो). दोन ढीग सापडले. एकाचं तोंड बंद होतं.

धाकट्याच्या पवनीकडच्या शेताला लागून बरड आहे. पुढच्या वेळी जाशील तेव्हा उताराची बाजू बघ रे, आणि दिसलं तर कळव. खडे मात्र हलवू नकोस.